शाळेतील मुलांना माती-पाण्याचे शिक्षण

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सप्ताहात सभामंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नव्हे. तहसील कार्यालयात आवक-जावकाच्या नोंदी ठेवणारा एक साधा लिपिक आहे. शिक्षण एस. एस. सी. कोतवाल म्हणून लागलो, पुढे शिपाई झालो, टंकलेखनाची परीक्षा दिली आणि लिपिकाच्या खुर्चीवर बसलो. आज दोन शब्द बोलणार आहे ते सरकारतर्फे नव्हे. या दौलताबादेत लहानाचा मोठा झालेला एक गावकरी म्हणून बोलणार आहे. काही चुकले तर लहान समजून पदरात घ्यावे.

काल कळस चढला. ज्यांनी शंभर रुपये दिले त्यांचाही आणि ज्यांनी लाख दिले त्यांचाही हात त्या दोरीला लागला, हे आपण सर्वांनी पाहिले. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांनी वाळूच्या पाट्या वाहिल्या. देऊळ असे उभे राहते. समितीने मला "शिक्षण" या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा प्रथम वाटले की देवळात शिक्षणाचे काय काम? मग आठवले की खेड्यापाड्यांतील कितीतरी शाळा पहिल्याने देवळाच्या ओट्यावरच भरल्या. म्हणून जागा चुकली असे वाटत नाही.

आपल्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींचे स्थान आहे. नाथमहाराज लहान वयात पैठणहून येथे गुरुगृही आले आणि गडाचे हिशेब लिहू लागले, ही कथा आपण कीर्तनात पुष्कळदा ऐकली आहे. एके दिवशी हिशेबात एका पैची चूक लागेना. नाथ रात्रभर दिव्याच्या उजेडात वह्या चाळीत बसले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढी एकाग्रता, मग तीच परमार्थाकडे वळविलीस तर? परमार्थाचा भाग कीर्तनकार महाराज माझ्यापेक्षा चांगला सांगतील. मी कारकून माणूस. मला त्या कथेतली पैच आठवत राहते. आपल्या मुलांच्या शिक्षणाच्या हिशेबातही कोठेतरी एक पै चुकली आहे, आणि ती शोधल्याशिवाय वही बंद करू नये, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आमच्या कार्यालयात जून महिना लागला की मुलांची रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला. दहावी झालेली मुले, बारावी झालेली मुले, पदवी घेतलेलीही मुले. पुष्कळांच्या हातात शिपायाच्या किंवा पोलीस भरतीच्या जागेचा अर्ज असतो. जागा मोजक्या आणि अर्ज पोत्याने. मी त्यांना विचारतो, "बाबा, घरी शेत किती?" कोणी एक एकर सांगतो, कोणी दीड. "मग शेतात काय करतोस?" तर मान खाली घालून म्हणतो, "काही येत नाही, साहेब."

सातबाऱ्याचे उतारे पाहणाऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे आजोबांना जेवढी जमीन होती, तिचा तिसरा हिस्सासुद्धा नातवाच्या वाट्याला नाही. थोड्या जमिनीवर पोट भरावयाचे तर अधिक अक्कल लागते. आणि नेमकी तीच अक्कल शाळेत कोठे शिकवली जात नाही. घरी बापाकडून शिकावी, तर मूल दिवसभर शाळेत आणि संध्याकाळी शिकवणीला. बापाची विद्या बापाबरोबर जाते.

माझेच सांगतो. दुसऱ्याचे उदाहरण देण्यापेक्षा ते बरे. आमची दीड एकर पेरूची बाग होती. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दादा अंगठेबहाद्दर होते, पण कोणत्या झाडाला कोणत्या आठवड्यात पाणी तोडावयाचे हे त्यांना पान पाहून कळे. २००८ साली दादा वारले. पुढे २०१२ चा पाऊस पडला नाही. आपणा सर्वांना ते वर्ष ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात मी कार्यालयात दुष्काळाच्या याद्यांचे गठ्ठे या टेबलावरून त्या टेबलावर नेत होतो, आणि इकडे माझी स्वतःची बाग वाळत होती. विहिरीला तळ लागला. होते नव्हते ते पाणी मी आळ्यांत उघड्यावर ओतीत राहिलो. त्यातही दोन पैसे मिळतील म्हणून बहार धरला. १९७२ च्या दुष्काळातही दादांनी जी दोन झाडे जगविली होती, तीदेखील गेली. मे महिन्यात बाग सरपणाच्या भावाने विकली.

दादांच्या वेळेपासून आमचा बहार घेणारे एक बागवान चाचा होते. ते बांधावर उभे राहून म्हणाले, "भाऊ, झाडाच्या बुडाशी पाचट का नाही टाकलं? फांद्या छाटून झाडाचा भार का नाही हलका केला? या साली बहार धरायचाच नव्हता. एकेक मडकं पुरलं असतं तरी निम्मी बाग राहिली असती."

मंडळी, मला सर्वांत जास्त काय लागले ते सांगतो. झाड पानांवाटे पाणी बाहेर टाकते, याला बाष्पोत्सर्जन म्हणतात, ही व्याख्या मला शाळेत तोंडपाठ होती. परीक्षेत तिच्यावर गुणही मिळाले होते. पण पाने कमी केली तर झाडाची तहान कमी होते, हा त्या व्याख्येचा अर्थ मला बाग मेल्यावर एका शाळेत न गेलेल्या माणसाने सांगितला. शाळेला दोष देत नाही. गुरुजींनी पुस्तकात होते ते मनापासून शिकविले. पण पुस्तक आणि बांध यांच्यामध्ये जी जागा रिकामी राहिली, ती म्हणजे मी म्हणतो ती हरवलेली पै.

आता कोणी म्हणेल, हे काही नवे सांगत नाही. खरे आहे. थोरामोठ्यांनी हे आपल्या आधी सांगून ठेवले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि "कमवा व शिका" ही रीत घालून दिली. त्यांची मुले शेतात राबत आणि शिकत. महात्मा गांधींनी १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरविली आणि हाताच्या कामातून शिक्षण देणारी नयी तालीम देशापुढे ठेवली. तिचा आराखडा डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तयार केला. सेवाग्रामला आनंद निकेतन ही शाळा २००५ साली पुन्हा सुरू झाली असून तेथे मुले आजही सूत कातण्याबरोबर भाजीपाला पिकवितात. १९६४ ते १९६६ या काळात बसलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा विषय सुचविला.

तो कार्यानुभव माझ्याही शाळेत होता. आठवड्यातून दोन तास. आम्ही खडू बनविले, कागदाची फुले केली. परीक्षा जवळ आली की तेच तास गणिताला जात. कारण त्याला श्रेणी होती, टक्केवारीत धरावयाचे गुण नव्हते. शिकविणारा त्या कामातला जाणकार नव्हता. आणि बनविलेली वस्तू कोणाच्या उपयोगाची नव्हती. माझ्या मते एवढा चांगला विचार या तीन गोष्टींपायी वाया गेला. तो पुन्हा आणावयाचा तर या तीन गोष्टी प्रथम सुधारल्या पाहिजेत.

त्या सुधारून दाखविल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. आपल्यासारखेच कमी पावसाचे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे परदेशात शिकून आलेले शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रातील नोकरी सोडून तेथे गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग सर २००३ साली निवर्तले, पण काम चालू आहे. शाळेत नापास ठरलेली मुले तेथे वर्षभर राहून वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन शिकतात आणि पुष्कळ जण आपला धंदा काढतात.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते त्यांचे दुसरे काम. त्यांनी हेच शिक्षण नेहमीच्या माध्यमिक शाळेत नेले. मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख, म्हणजे आय. बी. टी., असा विषय तयार केला. आठवी, नववी, दहावी अशी तीन वर्षे, आठवड्यातून एक दिवस. त्याचे चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. राज्याच्या शिक्षण खात्याने त्याला मान्यता दिली आणि एस. एस. सी.ला तो गुणांचा विषय झाला. शिकविणारे बहुधा त्याच परिसरातले कारागीर. गवंडीकाम गवंड्याने शिकवावयाचे, वायरिंग वायरमनने. आणि मुलांनी जे करावयाचे ते गावाच्या उपयोगाचे. कोणाच्या शेताची माती तपासून द्यावयाची, कोणाच्या घरचा शोषखड्डा बांधून द्यावयाचा. पाहा, माझ्या शाळेतल्या तिन्ही उणिवा तेथे भरून निघाल्या. गुण आहेत, जाणकार आहे, आणि कामाला गिऱ्हाईक आहे.

सरकारी धोरणही आता याच दिशेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख आणि सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना शाळा असे सांगितले आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कामाचे तीन प्रकार धरले आहेत. पहिला सजीवांबरोबरचे काम, म्हणजे झाडे, जनावरे, शेती. दुसरा यंत्रे व वस्तू यांचे काम. तिसरा माणसांच्या सेवेचे काम. २०२४ साली सहावीसाठी "कौशल बोध" हे पुस्तकही निघाले. शालेय पोषण आहारासाठी शाळेत परसबाग करावी असेही सरकारचे सांगणे आहे. पण आहार आठवीपर्यंत, म्हणून परसबागेची आस्थाही पुष्कळ ठिकाणी आठवीपर्यंतच. नववी लागली की मूल वर्गात आणि वाफा उन्हात. ज्या वयात हात कामाला पक्के होतात त्याच वयात आपण ते बांधून ठेवतो. धोरण कागदावर उतरले म्हणजे काम झाले असे नसते, हे माझ्यासारख्या कागद सांभाळणाऱ्याने तरी विसरू नये.

आता शेतीचे शिक्षण म्हणजे नेमके काय? खताच्या गोणीवरील अक्षरे वाचावयास शिकविणे एवढेच नव्हे. ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि त्यांचे तरुण सहकारी डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली एक पुस्तक लिहून "पर्माकल्चर" हा शब्द रूढ केला. कायम टिकणारी शेती असा त्याचा सोपा अर्थ. पाणी, माती, झाडे, जनावरे आणि माणसाचे घर यांची मांडणी अशी करावयाची की एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याच्या कामी यावा. १९८७ साली मॉलिसन भारतात येऊन गेले. तेलंगणात झहिराबादजवळ या पद्धतीचे काम पुष्कळ वर्षे चालू आहे, आणि २०१७ साली या विषयाची जागतिक परिषद हैदराबादेत भरली होती. आपल्या महाराष्ट्रातही प्रा. श्री. अ. दाभोलकर यांनी प्रयोग परिवार उभा करून, शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करावा, स्वतः नोंद ठेवावी आणि ती दुसऱ्याला सांगावी, ही वाट दाखविली. "विपुलाच सृष्टी" हे त्यांचे पुस्तक पुष्कळांना माहीत असेल.

नाव परदेशी आहे म्हणून बिचकावयाचे कारण नाही. पाणी अडवून, उताराने फिरवून, पुन्हा पुन्हा वापरण्याची विद्या आपल्या गावाच्या दगडांत कोरलेली आहे. गडावर हत्ती हौद आहे. डोंगरावरचे पाणी खापरी नळांतून तेथे आणीत. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी वसविली आणि तेथे जमिनीखालून नहर नेली. ना मोटर, ना वीज, केवळ उताराचा अभ्यास. आपण दररोज ज्या तटाखालून जातो, तो बांधणाऱ्यांना जे कळत होते ते आपल्या नववीतल्या मुलाला कळू नये काय? पाहुणे येतात, त्यांना आपण हौद दाखवितो. मुलांना तो शिकवीत नाही.

तीन वर्षांत मुलांनी काय शिकावे, याचा एक साधा आराखडा मी मुख्याध्यापकांशी आणि गावातील जुन्या माळ्यांशी बोलून केला आहे.

आठवीला पाणी आणि माती. सहा-सहा फुटांच्या दोन काठ्या वरच्या टोकाला बांधावयाच्या, मध्ये एक आडवी काठी, आणि वरून दोरीला दगड सोडावयाचा. चौकटीचे दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी आडव्या काठीवर जेथे येते तेथे खूण करावयाची. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावयाची. दोन खुणांच्या मधोमध दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. एवढ्या साधनाने मूल शेताची समपातळी रेषा काढू शकते आणि त्या रेषेवर चर खणून पाणी जिरवू शकते. भूमिती याहून निराळी काय असते?

पाण्याचा हिशेब करावयाचा. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपण बसलो आहोत त्या सभामंडपाचे छत साठ फूट लांब आणि तीस फूट रुंद, म्हणजे सुमारे १६७ चौरस मीटर. आपल्याकडील वर्षाचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी नव्वद हजार लिटरांहून अधिक पाणी या एका छतावरून पडते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर नऊ टँकर. आज ते गटारात जाते. तेच गाळणीच्या खड्ड्यातून देवळामागील जुन्या आडात सोडता येईल. हे गणित मुलांनी फळ्यावर करावे आणि मग पन्हळ बसवावयास हात लावावा.

नववीला झाडे. आच्छादन कसे घालावे, मडके पुरून झाडाला मुळाशी पाणी कसे द्यावे, शेवगा, कढीपत्ता, पेरू, सीताफळ आणि त्यांच्या सावलीत हळद-आले असे लहानमोठे थर कसे लावावेत. पेरूचे गुटी कलम आणि दाब कलम, सीताफळाचे शेंडा कलम. आपल्या रस्त्यावर हंगामात पेरू-सीताफळाच्या पाट्या घेऊन माउल्या बसतात. दौलताबाद, अब्दीमंडी, माळीवाडा या भागाचे नाव या फळांनी लोकांच्या तोंडी आहे. पण चांगले कलम बांधणारे हात किती उरले, ते मोजून पाहा. देवळात रोज निघणाऱ्या निर्माल्यातून दोरे आणि प्लास्टिक वेगळे करून, वाळका पाला, माती आणि शेणकाला घालून खत करता येते. देवाला वाहिलेले फूल उकिरड्यावर पडावयाचे नाही, झाडाच्या मुळाशी जाईल.

दहावीला हिशेब. किती रोपे केली, किती जगली, किती मेली आणि का मेली. किती विकली, खर्च काय आला. मेलेल्या रोपाची नोंद सर्वांत काळजीने ठेवावयाची. माझ्या बागेची अशी नोंद कोणी ठेवली असती तर पुढच्या माणसाची बाग वाचली असती.

शिकवावयास कोण? पदवीधर शोधीत बसावे लागणार नाही. गुरुजींच्या जोडीला बागवान चाचांसारखी माणसे गावात आहेत. कृषी सहायक आहेत. बियाणे राखणाऱ्या आजीबाई आहेत. महिन्यातून एक तास या मंडळींना वर्गात मानाने खुर्ची द्यावी. ज्यांना शाळेने कधी आत घेतले नाही, त्यांच्याकडून शाळेने शिकावे.

आता आक्षेप. ते मी टाळणार नाही, कारण ते चांगल्या माणसांनी घेतले आहेत.

आमच्या शेजारच्या एका मावशींनी मला तोंडावर सांगितले, "आम्ही मातीत मेलो. लेकरू त्यातून सुटावं म्हणून शाळेत घातलं, आणि तू पुन्हा त्याच्या हातात खुरपं देतोस?" यावर मला चटकन उत्तर सुचले नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही. नयी तालीमही बहुधा याच ठिकाणी अडली. गरिबाच्या मुलाला टोपले आणि मोठ्याच्या मुलाला पुस्तक, असा लोकांना संशय आला. म्हणून माझी पहिली अट ही की हे शिक्षण सर्वांच्या मुलांना असावे. सरपंचांच्या, गुरुजींच्या, मजुराच्या आणि माझ्याही. मुलगा आणि मुलगी हा भेद नको. खताचा खड्डा अमक्याच्या मुलाने उपसावा आणि हिशेब तमक्याच्या मुलाने लिहावा असे एक दिवस जरी झाले, तर तो वर्ग त्याच दिवशी बंद करावा. मावशींच्या लेकराला डॉक्टर व्हावयाचे असेल तर ते व्हावेच. पण माती कळल्याने कोणी डॉक्टर व्हावयाचा राहत नाही. आणि जो गावात राहील, तो नाइलाजाने राहू नये, जाणतेपणाने राहावा.

दुसरा आक्षेप, मुलांकडून फुकट काम करून घेतले जाईल. ही भीती रास्त आहे. म्हणून ज्या कामात शिकावयाचे काही नाही ते मुलांना सांगू नये. आलेल्या भाजीचा आणि रोपांचा हिशेब दर सहा महिन्यांनी पालकसभेत वाचून दाखवावा.

तिसरा आक्षेप, यातून नोकरी लागेल काय? खोटे आश्वासन मी देणार नाही. एक वाफा केल्याने कोणी श्रीमंत होत नाही. पण पुढचा दुष्काळ येईल तेव्हा, आणि तो येणारच, आपल्या घरात निदान एक जण असा असेल की ज्याला झाड कसे जगवावे हे ठाऊक आहे.

शेवटी माझी मागणी, आणि मग बसतो. देवळामागे दोन गुंठे मोकळी जागा आहे. तेथे दुकानाचे गाळे काढावेत असा विचार समितीपुढे आहे, हे सर्वांना माहीत आहे. गाळ्यांचे भाडे येईल, दिवाबत्तीचा खर्च निघेल, पुजाऱ्याचे मानधन निघेल. हा विचार चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. देवस्थानालाही खर्च असतो. माझी विनंती एवढीच की गाळ्यांचे काम तीन वर्षे पुढे ढकलावे आणि ती जागा शाळेच्या वर्गाला वापरू द्यावी. तीन वर्षे का, तेही सांगतो. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे देवस्थानाची बिगरशेतीची जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आपल्याला भाडेपट्टाही करावयाचा नाही आणि जागेची मालकीही हलवावयाची नाही. जागा देवाचीच राहील. तरीपण कायद्याची रेघ ओलांडण्याच्या जवळही जाऊ नये, आणि आठवीत आलेले मूल दहावी होईपर्यंत तीनच वर्षे लागतात. एक तुकडी पुरी होऊ द्या. मग गावाने पाहावे आणि ठरवावे. काही निष्पन्न झाले नाही तर गाळ्यांच्या पायाचा पहिला खड्डा खणावयास मी स्वतः येईन.

देणगीदार मंडळींना मी पैसा मागत नाही. आपण पुष्कळ दिले आहे. कोणाच्या घरी जुने पत्रे असतील, पाइपाचे तुकडे असतील, मोडकी मडकी असतील, देशी बियाणे असेल, तर ते द्यावे. ज्यांच्या बागेत चांगले पेरूचे झाड आहे त्यांनी त्याच्या चार फांद्या मुलांना कलमे बांधावयास द्याव्यात. आमची बाग गेली, पण दादांनी एका नातलगाला दिलेले एक कलम अब्दीमंडीला अजून उभे आहे. त्याची पहिली फांदी मी आणून देईन. एवढे शब्द मी आज देवासमोर देत आहे.

संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे कोरली आहेत. ती योग्यच आहेत. पण तीन वर्षांनी या आवारात एखादे पोर खुरपे बाजूला ठेवून, "काका, या झाडाला या साली बहार धरायचा नाही," असे ठणकावून सांगेल, तेव्हा मी समजेन की पै सापडली. त्या वेळी टाळी आपण सर्वांनी मिळून वाजवू.